मधल्या दाराचे कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला तुम्ही फारसे आवडत नाही. मनाला लावून घेऊ नका, मला कोणीच आवडत नाही. पंखा वारा घालण्यासाठी करतात, पाळणा मूल झोपवण्यासाठी करतात. मला मात्र माणसांचा माणसांवर विश्वास नाही म्हणून केले. समोर जो येईल त्याला नाही म्हणायचे, एवढेच माझे काम. हे काम मी झाशीत, खंडेराव गेटच्या आतल्या एका गल्लीत, दोन भावांच्या मधल्या दारावर केले. मन लावून केले. शेवटी हरलो, ते कसे तेही सांगतो.

माझा जन्म अलिगढचा. माझ्या पोटात पट्ट्या बसवणारा कारागीर दिवसभर तंबाखू चघळत कोणाला ना कोणाला शिव्या देत असे. माझा स्वभाव त्याच्यावर गेला असावा. तिथून पेटीत भरून मालगाडीने झाशीला आलो आणि मानिक चौकातल्या एका दुकानात खिळ्याला लटकलो. येणारे-जाणारे मला हातात घेत, ओढून बघत आणि परत ठेवत. एके दिवशी तिथे प्रमोदिनीबाई आल्या.

प्रमोदिनीबाई रेल्वेच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये कामाला होत्या. त्यांचे यजमान विद्याधरराव मालगाडीवर गार्ड होते. वाफेच्या इंजिनांचे दिवस होते ते. बाईंच्या पदराला त्या दिवशी वांग्याच्या भरताचा वास होता आणि डोळे रडून लाल झाले होते.

"भैया, सबसे मजबूत कौन सा है? घर के अंदर लगाना है," त्या म्हणाल्या.

"अंदर? अंदर किससे डर है, बहनजी?"

"घरवालों से."

दुकानदाराने मला खिळ्यावरून काढले. मला तेव्हाच कळले की आपण योग्य घरी चाललो आहोत.

घर एकच होते, पण त्याचे दोन भाग होते. पुढच्या भागात थोरले बंधू गोविंदराव राहत. ते इंटर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नी यमुनाबाई. त्यांना मूलबाळ नव्हते. मागच्या भागात विद्याधरराव, प्रमोदिनीबाई आणि त्यांची मुलगी अहिल्या. सात-आठ पिढ्यांपूर्वी हे घराणे दक्षिणेतून सैन्याबरोबर झाशीला आले, आणि येताना खंडोबाचे टाक घेऊन आले. ते देव थोरल्याकडे. चंपाषष्ठीला दोन्ही घरच्या बायकांनी मिळून भरीत-रोडग्याचा नैवेद्य करायचा, अशी त्यांच्यात रीत होती. त्या वर्षी एक्सचेंजमध्ये प्रमोदिनीबाईंच्या जागी येणारी बाई उशिरा आली. त्या धावतपळत, ड्यूटीच्या साडीवरच घरी पोहोचल्या, हातपाय धुतले, उरलेले भरीत कालवले आणि नैवेद्याचे ताट उचलले. यमुनाबाईंनी ते त्यांच्या हातून काढून घेतले.

"ड्यूटीवरून आलेल्या हातचा नैवेद्य देवाला चालत नाही," त्या म्हणाल्या.

गोविंदराव तिथेच होते. त्यांनी बायकोला गप्प करायला हवे होते. ते म्हणाले, "पगार घरात येतो खरा, पण घर बाहेर जातं."

प्रमोदिनीबाई तशाच उठल्या आणि मानिक चौकात आल्या. संध्याकाळी मी मधल्या दाराच्या कोयंड्यात बसलो. पलीकडून गोविंदरावांनी, तेवढ्याच रागाने, लाकडी अडसर घातला. दोन्ही भावांचे बोलणे बंद झाले. प्रमोदिनीबाई रोज कामावर जाताना मला एक हिसका देऊन बघत आणि म्हणत, "भक्कम आहे." आयुष्यात माझे कौतुक झाले ते एवढेच. त्यावर मी फुशारकी मारत असे.

आता अहिल्येविषयी सांगतो, कारण सगळी भानगड तिच्यापासून सुरू झाली. मुलगी भलती हुशार होती. हुशार म्हणजे तुमच्यासारखी नव्हे, उगाच खूश होऊ नका. आषाढात मिळालेली पुस्तके ती श्रावणात संपवून टाकी आणि उरलेले वर्ष वर्गात बाईंना प्रश्न विचारी. बाई तिला व्हरांड्यात उभे करू लागल्या. व्हरांड्यातून तिला शेजारच्या मोठ्या वर्गातले ऐकू येई, तर ती खिडकीतून त्या वर्गाची उत्तरे देऊ लागली. शेवटी मुख्याध्यापिकेने आईला बोलावून सांगितले, "आपकी लड़की को हमारी ज़रूरत नहीं है, और हमें उसकी नहीं." विद्याधरराव तापट. त्यांनी त्याच दिवशी पोरीचे नाव शाळेतून काढले आणि तिला घरी आणले.

मुलीला घरी आणले खरे, पण घरात होते कोण? एक गाडी घेऊन बीनाला नाहीतर कानपूरच्या बाजूला, दुसरी कानाला यंत्र लावून एक्सचेंजमध्ये. तेव्हा त्यांनी ठरवले की ज्याची ड्यूटी नसेल तो मास्तर. दोघेही रेल्वेचे, त्यामुळे उंबरठ्यावर एकमेकांना मुलगी सोपवायची तीही चार्ज दिल्यासारखी.

"घे चार्ज," विद्याधरराव कंदील ठेवत म्हणत. "भूगोल गंगेपर्यंत झाला. अपूर्णांकात भागाकार चाललाय. एकदा ती रडली, एकदा मी."

पण दोघांच्या ड्यूट्या एकाच वेळी आल्या की मुलगी एकटी. गावातल्या मराठी मंडळींत याची चर्चा होणारच. हळदीकुंकवाला एक बाई प्रमोदिनीबाईंच्या तोंडावर म्हणाली, "आईला घरी बसायला नको, म्हणून मुलीला घरी बसवली." प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "तुमचा यशवंत जातो ना रोज शाळेत? मग चौथीतून वर का येत नाही?" त्या घरचे बोलावणे पुन्हा आले नाही. घरी येऊन त्यांनी हे सांगितले तेव्हा मी मनापासून खूश झालो.

मग एक मास्तर ठेवले. ते प्रेम नगरहून सायकलवर येत आणि मधल्या दाराला टेकून बसत, कारण तिथे गारवा असे. एक दिवस त्यांनी अहिल्येला आगगाडीचे गणित घातले. अमुक लांबीची, अमुक वेगाची गाडी तमुक लांबीचा फलाट किती वेळात पार करील? मास्तरांनी मोठ्याने बोलत फलाटाच्या लांबीला वेगाने भागले आणि उत्तराखाली रेघ मारली.

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे, माझ्या पलीकडून, कोणीतरी गरजले, "आणि गाडीची लांबी कोण धरणार? गाडी म्हणजे काय मुंगी आहे?"

मास्तर ताडकन उठले. "ये कौन बोला?"

"उस तरफ़ मेरे काका हैं," अहिल्या म्हणाली. "हम लोग उनसे बोलते नहीं."

"तो वो क्यों बोल रहे हैं?"

"वो बोल नहीं रहे मास्टरजी, चिल्ला रहे हैं."

त्या दिवसापासून रोज तेच. मास्तरांनी उत्तर काढले की पलीकडून "चूक!" आणि त्यामागे एखादी शेलकी शिवी. मास्तरांनी जागा बदलली, खिडकीपाशी बसले, आवाज हळू केला. उपयोग नाही. शेवटी एक दिवस त्यांनी चपला घातल्या आणि प्रमोदिनीबाईंना म्हणाले, "जिस घर में दरवाज़े टोकते हों, वहाँ हमसे न पढ़ाया जाएगा." ही गोष्ट गल्लीत पसरली आणि दुसरा कोणी मास्तर मिळेना.

विद्याधरराव माझ्यासमोर उभे राहून ओरडले, "मुद्दाम केलंस दादा! माझ्या पोरीचं वाटोळं व्हावं म्हणून केलंस!" पलीकडून यमुनाबाईंनी उत्तरादाखल एक परात आपटली.

तेव्हा घरात असे ठरले की अहिल्येला नागपूरला शारदामावशीकडे पाठवायचे. तिथली एक शाळा तिला थेट वरच्या वर्गात घ्यायला तयार होती. रेल्वेचा पासही निघाला. अहिल्येने जेवण सोडले, जमिनीवर लोळण घेतली. "मैं नहीं जाऊँगी. मला इथंच राहायचंय, आई."

"इथं तुला शिकवणार कोण?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आहे का कोणी? सांग."

अहिल्या गप्प बसली. का गप्प बसली ते मला ठाऊक होते, आणि फक्त मलाच ठाऊक होते.

मास्तर गेल्यावर ती दुपारी एकटीच असे. समोरच्या पानवाल्याला लक्ष ठेवायला सांगून आईवडील जात. ती मोठ्याने बोलत गणिते करी. पहिल्याच दिवशी पलीकडून आवाज आला, "चूक!"

"मी तुमच्याशी बोलत नाही," अहिल्या म्हणाली.

"मी तरी कुठं बोलतोय तुझ्याशी? मी भिंतीला सांगतोय. तिला तुझ्याहून जास्त अक्कल आहे."

अहिल्येने चप्पल भिरकावली. ती बरोबर माझ्या तोंडावर बसली. मग तिने गणित पुन्हा केले आणि बराच वेळ दाराकडे बघत राहिली. "आता?" तिने विचारले. "काका, बरोबर की चूक?"

"बरोबर," पलीकडून कुरकुर झाली. "पण अक्षर घाण असणार."

असे रोज चालू झाले. मी पहारा देत होतो आणि माझ्या नाकाखालून हे दोघे शत्रू शाळा भरवत होते. मी माणूस अडवू शकतो, ताट अडवू शकतो. आवाज मला अडवता येत नाही, ही माझ्या जातीची खोट आहे. तिकडून मठ्ठ, गाढव, ढेकूळ. इकडून "तुम्हीच ढेकूळ!" आणि "ज़रा सोचने तो दो!" मायेचा एक शब्द नाही. पण त्या पोरीला शाळेत आजवर सगळ्यांनी गप्प बस म्हटले होते. चूक कोणी म्हटले नव्हते. चूक म्हणायला आधी ऐकावे लागते. हा म्हातारा तिचा शब्द न् शब्द ऐकत होता. तिचे डोके झपाट्याने पुढे चालले होते आणि मला त्याचा मनस्वी संताप येत होता. आईवडिलांना ती सांगत नव्हती, कारण काका घरचा वैरी. त्याच्याशी बोलणे म्हणजे आईशी फितुरी.

नागपूरला निघायच्या आदल्या दुपारी प्रमोदिनीबाई लवकर घरी आल्या. पोरीला एकटे सोडवेना म्हणून त्यांनी ड्यूटी बदलून घेतली होती. दारात चपला काढता काढता त्यांनी आवाज ऐकला आणि एक चप्पल हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

अहिल्या माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. तिने कागदाचा त्रिकोण कापून त्याचे तिन्ही कोपरे फाडले होते आणि शेजारी शेजारी मांडले होते. "सरळ रेघ झाली, काका! मोठा कापला तरी होते, वाकडा कापला तरी होते. दरवेळी कशी होते?"

"फाडून दाखवणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे, मूर्खे. का होते ते शोध. उद्यापर्यंत डोकं फोड. नाहीच सुटलं तर उद्या सांगेन."

"उद्या मी नाहीये."

"कुठं उलथतेस?"

"नागपूरला. मावशीकडे. तिथंच राहायचंय आता."

मग गोविंदराव म्हणाले, "बरं झालं. बला टळली." आणि लगेच, दाराच्या अगदी जवळ येऊन, घाईघाईने बोलू लागले, "कागद घे. घेतलास? शिरोबिंदूतून पायाला समांतर रेघ काढ. हं, काढ लवकर. आता कोन बघ, कुठला कुणासारखा आहे. बघ ना गं, वेळ नाही आपल्याला!" अहिल्या नाक पुसत रेघ काढत होती.

प्रमोदिनीबाईंनी चप्पल खाली ठेवली. त्या आल्या आणि मधल्या दारावर त्यांनी थाप मारली. मला बरे वाटले. वाटले, आता खरे भांडण होणार.

"दादा."

पलीकडून यमुनाबाई बोलल्या. "काय काम आहे?"

"दादांकडे आहे."

"त्यांच्याकडे जायचं ते माझ्याकडूनच जाईल."

"दादा, मास्तरांना तुम्ही घालवलंत. आणि माझ्या माघारी माझ्या मुलीला शिकवताय."

"तो मास्तर नव्हता, नुसती सायकल होती," गोविंदराव म्हणाले. "आणि शिकवत वगैरे नाही मी. मला चुका ऐकवत नाहीत."

"मग आता उघड शिकवा. रोज. मी पास परत करते."

"वा!" यमुनाबाई उसळल्या. "हिनं ड्यूटीवर जायचं आणि आम्ही हिची पोर सांभाळायची! आमच्या तोंडावर कुलूप घातलंस तेव्हा नाही आठवलं?"

प्रमोदिनीबाईंचा हात माझ्यावर होता. "वहिनी, तुम्ही माझ्या हातून ताट काढून घेतलंत, ते मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. देव तुमच्याकडेच राहू द्या. नैवेद्य तुम्हीच दाखवा. मला माफीसुद्धा नको. मला माझ्या मुलीला मास्तर हवाय, आणि अख्ख्या झाशीत तो एवढाच आहे, त्याला मी काय करू?"

"मी माफी मागणारही नव्हतो," गोविंदराव म्हणाले.

"ठाऊक आहे."

अहिल्या आईच्या पायाशी बसून एकदा आईकडे, एकदा दाराकडे बघत होती. मग पलीकडे लाकूड घासल्याचा आवाज झाला. गोविंदरावांनी अडसर काढला होता. यमुनाबाई "अहो!" म्हणाल्या, पण तो परत बसला नाही. आता सगळे माझ्यावर होते.

प्रमोदिनीबाईंनी किल्ली घातली. मी हललो नाही. बसवल्यापासून मला कोणी उघडले नव्हते, तेलाचा थेंब दाखवला नव्हता, आणि माझी तर उघडायची इच्छाच नव्हती. त्यांनी जोर लावला, शिव्या घातल्या, पोळपाट आणून माझ्यावर आपटला.

"गंजलं असणार," पलीकडून यमुनाबाई म्हणाल्या. त्यांना राहवेना. "रॉकेल घाल. खोबरेल घालशील तर थंडीत गोठून बसेल."

"मला कळतं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि स्टोव्हची बाटली घेऊन आल्या. रॉकेल माझ्या पोटात उतरले. पट्ट्या एकेक करून सुटल्या, आणि माझ्या मनाविरुद्ध मी उघडलो.

दार उघडल्यावर दोन्ही जावा समोरासमोर आल्या. तुम्हाला वाटत असेल की गळ्यात पडल्या. छे! यमुनाबाई म्हणाल्या, "वाळलीस." प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "तुम्ही सुटलात." आणि दोघी आपापल्या चुलीकडे गेल्या. संध्याकाळी विद्याधरराव गाडीवरून आले, उघडे दार बघून त्यांचे तोंड लाल झाले.

"दादानं माफी मागितली?"

"नाही."

"मग?"

"मग काय? हातपाय धुवा आणि जेवायला बसा. तुमची मुलगी कुठं जात नाहीये."

ते धुसफुसत जेवले. भावाशी ते त्या दिवशीही बोलले नाहीत आणि पुढेही क्वचितच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहिल्या वही घेऊन पलीकडे गेली. गोविंदराव धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते. इतकी वर्षे उंच फळ्यापाशी उभे राहून दांडग्या पोरांवर ओरडलेला हा माणूस. एवढेसे मूल त्यांच्या गुडघ्यापाशी येऊन कधी बसले नव्हते. त्यांना हात कुठे ठेवावा कळेना. "ये बाळ, बस हं," ते म्हणाले. त्यांचा तो आवाज ऐकून मला शिसारी आली. अहिल्येने गणित केले. घाईत ते चुकले. गोविंदराव म्हणाले, "असू दे, असू दे. होतं असं." यमुनाबाईंनी तिच्यासमोर लाडू ठेवला, तोही मान वळवून.

अहिल्या त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. ज्याच्यासाठी तिने जेवण सोडले होते तो काका हा नव्हेच. ती वही घेऊन उठली, आपल्या बाजूला आली, मधले दार ओढून घेतले आणि दाराला पाठ लावून खाली बसली.

"काका, आता सांगा. बरोबर की चूक?"

पलीकडे खुर्ची सरकली. पावले दाराशी आली. घसा खाकरला.

"चूक! धडधडीत चूक! पहिल्याच पायरीला घसरलीस, ढेकळा! वाच पुन्हा!"

"वाचतेय ना! ओरडता कशाला?" अहिल्या ओरडली आणि तोंडभर हसत तिने पान उलटले.

प्रमोदिनीबाई कामावर निघाल्या होत्या. त्यांनी सवयीने माझ्याकडे हात नेला. मी कोयंड्यात उघडाच लोंबत होतो. दार लागलेले होते. आतून पोरगी आणि पलीकडून म्हातारा कचाकचा भांडत होते. त्यांनी मला तसेच ठेवले आणि त्या गेल्या.

मित्रांनो, या ठिकाणी वस्तूंनी हात जोडून म्हणायचे असते की आम्हाला जपा, आम्हाला तेलपाणी करा. मी म्हणणार नाही. जपायचे असेल तर घरातले मूल जपा. भांडण जरूर करा, मला भांडणे आवडतात. राग आला तर दार धाडकन लावून घ्या, त्यानेही काही बिघडत नाही. पण त्यावर मला चढवायची घाई करू नका. एकदा मी बसलो की पलीकडचे कोणी माझ्या हातून सुटत नाही, आणि तुमच्या मुलीचा मास्तर कदाचित तिकडेच राहिलेला असेल.